सहा महिने म्हणजे किती तास?

मी कणकवलीतल्या एका खासगी रुग्णालयात २०१७ पासून आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. ऑक्टोबर २०२३ मध्ये नवऱ्याची बर्मिंगहॅमला बदली झाली. तिथे गेल्यावर माझं काम चालू ठेवायचं तर काय करावं लागेल, याचा शोध त्या दिवाळीत सुरू झाला आणि ब्रिटनमधली आहारतज्ज्ञाची नोंदणी हातात पडायला मार्च २०२५ उजाडला. मधल्या काळात मराठीत याबद्दल काही वाचायला मिळतं का ते खूप शोधलं. नर्सिंगबद्दल सापडलं, डॉक्टरांबद्दल सापडलं, आमच्याबद्दल काही मिळालं नाही. म्हणून लिहिते आहे, तारखांसकट आणि पैशांसकट.

आधी माझी कागदं सांगते. मुंबईत होम सायन्सची पदवी, मग आहारशास्त्रात एमएस्सी, २०१५ च्या जुलैपासून डिसेंबरपर्यंत मुंबईतल्याच एका रुग्णालयात इंटर्नशिप आणि २०१६ मध्ये इंडियन डाएटेटिक असोसिएशनची आरडीची परीक्षा. आरडी म्हणजे रजिस्टर्ड डाएटिशियन. ही परीक्षा सोपी नाही आणि मला तिचा अभिमान आहे, पण ती दिलीच पाहिजे असं आपल्याकडे कोणी म्हणत नव्हतं. तीन महिन्यांचा कोर्स करून आहारतज्ज्ञाची पाटी लावणारे आमच्या बाजारपेठेतही आहेत. २०२१ मध्ये केंद्राने आरोग्यक्षेत्रातल्या संलग्न व्यवसायांसाठी आयोगाचा कायदा केला, त्यात पोषणशास्त्राची माणसंही आहेत. तो पुरता अमलात येईल तेव्हा चित्र बदलेल अशी मला मनापासून आशा आहे.

ब्रिटनमध्ये 'डाएटिशियन' हा शब्द कायद्याने राखलेला आहे. हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल, म्हणजे एचसीपीसी, या संस्थेच्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय तो शब्द स्वतःपुढे लावणं हा तिथे गुन्हा आहे. फिजिओथेरपिस्ट, पॅरामेडिक, रेडिओग्राफर असे एकूण पंधरा व्यवसाय त्यांच्याकडे आहेत. 'न्यूट्रिशनिस्ट' हा शब्द मात्र मोकळा आहे. त्यासाठी असोसिएशन फॉर न्यूट्रिशनची वेगळी, ऐच्छिक नोंदणी असते. नवरा म्हणाला, न्यूट्रिशनिस्ट म्हणूनच काम कर की, कशाला एवढा खटाटोप? पण रुग्णालयात, आयसीयूतल्या माणसाच्या नळीतून जाणारं अन्न ठरवण्याचं काम मला करायचं होतं, आणि ते काम तिथे डाएटिशियनचं.

नोव्हेंबरभर मी वर्गातल्या मुलींना फोन केले. हे सगळ्यांनी आधी करावं असं सांगेन, कारण प्रत्येक देशाचं दार वेगळ्या बाजूला उघडतं. रत्नागिरीची मैत्रीण दुबईत आहे. तिची कागदपत्रं डेटाफ्लो या पडताळणी करणाऱ्या कंपनीमार्फत थेट कॉलेजकडून आणि जुन्या नोकरीच्या ठिकाणाहून पडताळली गेली, मग संगणकावर परीक्षा झाली, मग दुबई हेल्थ अथॉरिटीचा परवाना मिळाला. तिची सगळी अडचण एका ठिकाणी झाली: पडताळणीचा मेल कॉलेजकडे पोहोचला आणि दोन महिने कोणी उघडलाच नाही. मेलबर्नला असलेली सांगत होती की तिथे शब्दाला कायद्याचं कुंपण नाही, व्यवसायाचीच संघटना, डाएटिशियन्स ऑस्ट्रेलिया, एपीडी ही मान्यता देते. आधी पदवीची तपासणी, मग परीक्षा. एपीडी नसेल तर मेडिकेअरचे, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य विम्याचे, रुग्ण तुमच्याकडे येऊ शकत नाहीत, त्यामुळे ती नसून चालत नाही. कॅनडात प्रत्येक प्रांताची आपली नियामक संस्था. क्युबेकमध्ये तर डाएटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट दोन्ही शब्द राखीव आहेत आणि कारभार फ्रेंचमध्ये चालतो. अमेरिकेत १ जानेवारी २०२४ पासून नोंदणीच्या परीक्षेला बसायला किमान मास्टर्स पदवी लागते आणि देखरेखीखाली किमान १००० तास काम केलेलं असावं लागतं.

रात्री वाचत बसले की मी भलतीकडेही जात असे. जपानमध्ये दोन पायऱ्या आहेत: 'एइयोशी'ला प्रांताचा गव्हर्नर परवाना देतो आणि वरच्या 'कान्री एइयोशी'ला राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते. जर्मनीत रुग्णालयातलं पथ्यपाणी बघणारी व्यक्ती विद्यापीठातून न येता तीन वर्षांच्या व्यवसायशिक्षणातून येते. याचा मला काही उपयोग नव्हता, पण त्यामुळे धीर आला. एकाच कामाकडे इतक्या तऱ्हांनी बघता येतं, तर माझी तऱ्हाही कोणाला तरी समजावून देता येईल, असं वाटलं.

पहिली पायरी इंग्रजीची. एचसीपीसीला आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण ७ आणि कुठल्याही भागात ६.५ च्या खाली नाही, एवढे गुण लागतात. २० जानेवारी २०२४ ला मुंबईत परीक्षा दिली. एकूण ७ आले, लेखनात ६. सतरा हजारांच्या आसपास फी गेली आणि मी दोन दिवस कोणाशी बोलले नाही. सासूबाईंनी काही विचारलं नाही, फक्त रात्री पानात घावणे आणि रस वाढला. मग इथल्याच एका कॉलेजच्या निवृत्त इंग्रजीच्या बाईंकडे गेले. रोज एक निबंध लिहायचा, संध्याकाळी त्यांना दाखवायचा. त्यांनी माझी खोड दुसऱ्याच दिवशी पकडली: मी मुद्दा शेवटी सांगते. आपल्याला तशीच सवय असते, आधी पार्श्वभूमी, मग गोष्ट. १६ मार्चला परत परीक्षा दिली. लेखनात ६.५, एकूण ७.५.

एप्रिलमध्ये कागदपत्रं काढायला घेतली आणि पहिला घोळ नावाचा निघाला. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग माझं नाव, वडिलांचं नाव आणि शेवटी आईचं नाव. पासपोर्टवर लग्नानंतरचं नाव. लग्नाचा दाखला ग्रामपंचायतीचा, हाताने भरलेला, मराठीत. इकडच्या माणसाला यात काही विचित्र दिसत नाही, तिकडच्या माणसाला ही तीन वेगळी माणसं वाटतात. दाखल्याचं प्रमाणित भाषांतर आणि 'ही सर्व नावे एकाच व्यक्तीची आहेत' असं प्रतिज्ञापत्र, दोन्ही वकिलांकडून नोटरी करून घेतलं. झेरॉक्स, नोटरी, भाषांतर धरून सहा हजार लागले. नोटरीचा शिक्का पुसट उमटला असेल तर तिथल्या तिथे परत मारून घ्या. माझी दोन पानं केवळ शिक्का वाचता येत नाही म्हणून पुन्हा करावी लागली.

पण खरी अडचण पुढे होती. अर्जाबरोबर शिक्षणाची सविस्तर माहिती द्यायची असते: कोणता विषय किती तास शिकवला, प्रत्यक्ष काम कुठे केलं, किती तास केलं, कोणाच्या देखरेखीखाली. माझ्या इंटर्नशिपच्या दाखल्यावर एकच ओळ होती. अमुक मुलीने १ जुलै ते ३१ डिसेंबर २०१५ या काळात सहा महिने समाधानकारक काम केले. तासांचा उल्लेख नाही, वॉर्डांचा नाही. आपल्याकडे इंटर्नशिप महिन्यांत मोजतात. ब्रिटनमधल्या पदवीत विद्यार्थ्यांकडून हजार तासांच्या आसपास रुग्णालयात आणि बाहेर काम करवून घेतात आणि त्याची तासागणिक नोंद असते. ती नोंद माझ्याकडे कुठून येणार?

२१ एप्रिलच्या रात्री तुतारी एक्स्प्रेसने दादरला गेले. कॉलेजात मी शिकत होते तेव्हाचा अभ्यासक्रम मिळवायला अर्ज केला, फी भरली, 'पंधरा दिवसांनी फोन करा' हे ऐकलं. रुग्णालयात गेले तर आमच्या विभागप्रमुख मॅडम निवृत्त झालेल्या आणि नव्या मॅडमना २०१५ चं काही माहीत असायचं कारण नाही. त्यांनी अर्ज ठेवून घेतला. दीड महिना मी दर सोमवारी फोन करत राहिले. १२ जूनला परत गेले. तोवर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक सुरू झालं होतं, गाडी रेंगाळत पोहोचली आणि मी कार्यालयात शिरले तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती. अभ्यासक्रम मिळाला, पण निम्म्या पानांवर कॉलेजचा शिक्का नव्हता. रुग्णालयात आस्थापना विभागातल्या भाऊंनी सरळ सांगितलं, 'मॅडम, हजेरीपट सापडला तर तास लिहून देऊ. नुसत्या तोंडी नाही देता येणार.' मला त्यांचा राग आला नाही, त्यांचं बरोबरच होतं.

पुढचं तिकीट १४ जुलैच्या रात्रीचं होतं. त्याच संध्याकाळी खेडजवळ रुळांवर दरड कोसळली आणि गाड्या थांबल्या. मी बॅग भरून घरात बसले. त्या दिवशी हे सगळं सोडून द्यावं असं फार वाटलं. खरं सांगायचं तर सतरा महिन्यांतला सगळ्यात वाईट दिवस तोच, आणि त्याला कारण फक्त दरड होती.

३० जुलैला पोहोचले. भाऊंनी हजेरीपट शोधून ठेवला होता. इंटर्नची हजेरी मुख्य कार्यालयात नव्हतीच, डाएट किचनच्या वहीत होती, आणि ती वही धान्याच्या खोलीत वरच्या फळीवर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेली. कडेला तेलाचे डाग, एका पानावर हळदीचा अख्खा अंगठा उमटलेला. सप्टेंबरच्या पानावर माझ्या नावापुढे सात दिवस लाल 'र' होता, गणपतीची रजा. नोव्हेंबरात दिवाळीची दोन दिवस. आम्ही दोघांनी किचनच्या ओट्याशी उभं राहून हिशेब केला. १८४ दिवस, २६ रविवार वजा, उरले १५८. रजेचे ९ वजा, उरले १४९. दिवसाचे सात तास. एक हजार त्रेचाळीस.

ती वही बघताना माझे डोळे भरून आले. त्या सह्यांमधली मुलगी रोज सकाळी साडेसातच्या लोकलला लोंबकळून यायची, मीठ नसलेल्या आमटीची चव बघायची, ट्रॉलीबरोबर वॉर्डात फिरायची. कोणीतरी ते तास मोजेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. नव्या मॅडमनी वॉर्डनिहाय तासांचं पत्र करून दिलं: मेडिसीन, सर्जरी, बालरोग, मूत्रपिंड, किचन आणि बाह्यरुग्ण विभाग, एकूण १०४३.

१९ ऑगस्टला, नारळी पौर्णिमेच्या दिवशी, अर्ज ऑनलाइन भरला. छाननीची फी सहाशे पौंडांहून अधिक होती, बँकेचे आकार धरून सत्तर हजारांच्या आसपास. ही फी परत मिळत नाही, म्हणून सगळी कागदं हातात आल्याशिवाय भरू नका. कार्डावर परदेशी व्यवहार सुरू आहेत का आणि मर्यादा किती आहे, तेही आदल्या दिवशी बँकेत विचारून ठेवा. माझा पहिला प्रयत्न त्यातच फुकट गेला.

मग वाट बघणं. गणपती आले आणि गेले. नवरात्र झालं. रोज सकाळी मेल बघायचा आणि ओपीडीला बसायचं.

२१ नोव्हेंबरला उत्तर आलं: अधिक माहिती द्या. हा नकार नाही, हे आधी स्वतःला समजवा. अर्ज दोन परीक्षक बघतात आणि ते स्वतः त्याच व्यवसायातले असतात. एचसीपीसीची प्रावीण्याची मानकं ठरलेली आहेत, सध्याची १ सप्टेंबर २०२३ पासून लागू झाली, आणि त्या प्रत्येकाशी ते तुमचं शिक्षण आणि अनुभव ताडून बघतात. माझ्या बाबतीत दोन-तीन ठिकाणी त्यांना पुरावा कमी वाटला. रुग्णाला सवय बदलायला मदत कशी करता, स्वतःच्या कामाची तपासणी कशी करता, गोपनीयता कशी पाळता, असे मुद्दे होते. यातलं सगळं मी करत होते. अर्जात मात्र लिहिलं होतं, 'आम्ही रुग्णांचे समुपदेशन करतो.' आपण कामाबद्दल बोलताना 'आम्ही' म्हणतो, ते नम्रपणाचं असतं. परीक्षकाला 'मी' हवा असतो: मी काय बघितलं, मी काय ठरवलं, का ठरवलं, पुढे काय झालं.

मग मी डायलिसिसवरच्या एका काकांची गोष्ट लिहिली. नाव, गाव, वय सगळं काढून. मालवणकडचे, मासेमारी करणारे. त्यांना दिवसभरात एकूण एक लिटरच द्रव घ्यायचं सांगितलेलं होतं, तरी दोन डायलिसिसच्या मध्ये वजन चार चार किलो वाढत होतं. काकी शपथेवर सांगत होत्या की पाणी मोजूनच देते. मी तीन वेळा आहार विचारला, तीन वेळा हिशेब जुळला नाही. चौथ्या वेळी विचारलं, सकाळी उठल्यावर पहिलं काय घेतात? काकी म्हणाल्या, 'पेज. पण पेज जेवणात धरतत गो बाय, पाण्यात नाय.'

सकाळी वाडगाभर उकड्या तांदळाची पेज, दुपारी भातावर सोलकढी, पाहुणे भेटायला आले की शहाळं. ते काही त्यांच्या लेखी पाणी नव्हतंच. मी रुग्णालयातला स्टीलचा तांब्या घेतला, एक लिटर पाणी भरलं, आणि काकींना म्हटलं, घरी असाच तांब्या भरून ठेवा. काकांना पेज दिली की तेवढ्या वाडग्याचं पाणी यातून काढून झाडांना घाला. तांब्या रिकामा झाला की दिवस संपला. पेज बंद केली नाही, पातळ पेजेच्या जागी घट्ट भात आणि वर चमचाभर पेज असं ठरवलं. शहाळं पोटॅशियममुळे बंद, खारवलेला बांगडा मिठामुळे बंद, ताजा बांगडा प्रथिनांसाठी चालू. तीन आठवड्यांत वाढ अडीच किलोवर आली.

ही गोष्ट इंग्रजीत लिहायला मला चार रात्री लागल्या. पेज म्हणजे काय, ती जेवण का आहे, हे समजावल्याशिवाय माझा निर्णय कळणारच नव्हता. घटकांसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांचा आधार दिला. त्यांत ५२८ भारतीय खाद्यपदार्थ आहेत आणि आपले मासे भरपूर आहेत. परदेशी तक्त्यांत आपलं अन्न शोधत बसू नका, आपल्या तक्त्यांचा संदर्भ ठामपणे द्या. अशा एकूण पाच गोष्टी लिहिल्या, त्यातली एक चुकीची: एका मधुमेही आजींना मी सुरुवातीला नाचणीची भाकरी भरभरून सुचवली होती आणि साखर उतरली नाही, मग प्रमाण ठरवून दिलं. ती लिहावी की नाही यावर घरात बरीच चर्चा झाली. शेवटी लिहिली. कामाची तपासणी विचारली होती, आणि हीच माझी तपासणी होती. १० जानेवारी २०२५ ला सगळं पाठवलं.

१८ मार्चला मेल आला तेव्हा मी वॉर्डात होते. नोंदणी मान्य. त्यानंतर नोंदणीची फी वेगळी भरायची असते, ती छाननीच्या मानाने बरीच कमी. परीक्षा, कागदपत्रं, प्रवास, दोन्ही फी असा माझा एकूण खर्च दीड लाखाच्या आसपास गेला. एचसीपीसीची नोंदवही कोणालाही ऑनलाइन बघता येते. संध्याकाळी आईकडे गेले, तिच्या फोनवर माझं आडनाव टाकलं. नाव आलं, पुढे 'डीटी'ने सुरू होणारा क्रमांक आणि 'डाएटिशियन'. आईने चष्मा लावून दोनदा वाचलं. म्हणाली, 'ह्यां सगळ्यांका दिसता? खुयसून पण?' कुठूनही, म्हटलं.

तिथली नोकरी मिळवणं हे पुढचं काम, ते अजून चालू आहे. जूनमध्ये मी निघते. सध्या आमच्या रुग्णालयात दोन मुली इंटर्नशिपला आहेत, एक वेंगुर्ल्याची, एक देवगडची. कॉलेजने त्यांना हजेरीचं नेहमीचं कार्ड दिलं आहे. मी त्यांना शंभर पानी वही आणून दिली, उभ्या रेघा मारून दिल्या: तारीख, विभाग, तास, काय केलं, सही. मी गेल्यावर सही कोण करणार ते आमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवलं आहे आणि त्यांनी रुग्णालयाचा शिक्काही महिन्याला एकदा मारायचं कबूल केलं आहे. देवगडच्या मुलीची कालची नोंद: मेडिसीन वॉर्ड चार तास, किचन दोन, ओपीडी एक. आजवर एकूण ३१२.